एक प्रश्न, तीन पुरवण्या आणि रस्त्यावरचा बायसन

नोव्हेंबर सरत आला होता. संध्याकाळचे साडेपाच, म्हणजे आमच्याकडे मिट्ट काळोख, आणि बाहेर उणे चोवीस. एडमंटनहून यलोनाइफला, कॅनडाच्या उत्तरेतल्या आमच्या शहरी, परतत होतो. फोर्ट प्रॉव्हिडन्स हे गाव मागे टाकून तासभर झाला असेल. नवरा ऐंशीने चालवत होता. दिव्यांच्या उजेडापलीकडे रस्त्याचा एक तुकडा जरा जास्तच काळा दिसला, इतकंच. त्याने ब्रेक दाबला, गाडी बर्फावर तिरकी होत थांबली, आणि माझ्या काचेपासून हातभर अंतरावर एक डोकं होतं. त्याच्या दाढीला बर्फाचे मणी लटकलेले. हरणाचे डोळे लांबूनच चमकतात, बायसनचे चमकत नाहीत. हे इथल्या सगळ्या सूचनापत्रकांत छापलेलं असतं, पण मला ते त्या दिवशी कळलं.

घरी येऊन आईला फोन केला. माझं माहेर राधानगरीकडचं, गवे आम्हाला नवे नाहीत, आणि बायसन म्हणजे गव्याचाच इथला केसाळ भाऊबंद. आई म्हणाली, ‘‘अगं, रस्ता त्याचा हाय. दिवे बारीक करायचे आन् गप बसायचं. हॉर्न मारायचा न्हाई.’’ सल्ला बरोबरच होता, पण थांबायला आधी जनावर दिसायला तर हवं. रस्त्याच्या दोन्ही कडांना विलोची झुडपं गाडीच्या टपाएवढी वाढली होती. बायसन त्यातूनच बाहेर येतो.

मी हिशेबनीस आहे. राग आला की मी आकडे शोधते. अर्थसंकल्पाचं पुस्तक उतरवून घेतलं आणि दोन रात्री वाचलं. जनावरं एका खात्याकडे, रस्ता दुसऱ्या खात्याकडे. कळप मोजणं, जनजागृती हे पहिल्याचं काम. पाट्या लावणं, कडेची झुडपं कापणं हे दुसऱ्याचं. चार पानी पत्र लिहून आमदारांना पाठवलं. त्यात १९६३ साली या भागात आणून सोडलेल्या १८ बायसनपासून २०१२ च्या अँथ्रॅक्सच्या साथीपर्यंत (त्यात ४४० मेले) सगळा इतिहास घातला होता. आता हसू येतं.

इथे आमदार गाठणं सोपं आहे. नॉर्थवेस्ट टेरिटरीज हा प्रदेश महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा, पण माणसं ४५,००० च्या आसपास आणि आमदार अवघे १९. पक्ष नाहीत. सगळे अपक्ष निवडून येतात आणि मग आपल्यातूनच मुख्यमंत्री नि मंत्री निवडतात. सात जणांचं मंत्रिमंडळ, एक सभापती आणि समोर अकरा जण. म्हणजे मंत्री कायम अल्पमतात. आपल्याकडे कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं.

आमदारांच्या साहाय्यक बाईंनी मला कॉफीला बोलावलं. माझी चार पानं त्यांनी खरंच वाचली होती. त्यांनी विचारलं, ‘‘मंत्र्यांनी नेमकं काय म्हणावं असं तुला वाटतं?’’ मी गप्प. माझ्या पत्रात मागण्या नऊ होत्या, प्रश्न एकही नव्हता.

मग त्यांनी रीत सांगितली. तोंडी प्रश्नांना तासभर असतो. आमदाराने उभं राहायचं, एका मंत्र्याला एक प्रश्न, त्यावर तीन पुरवण्या, म्हणजे उपप्रश्न. दोन खात्यांना एकत्र विचारलंस तर दोघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतील, तेव्हा रस्त्यांचेच मंत्री धर. मी आकड्याचा प्रश्न सगळ्यात वर लिहिला होता: मागच्या आर्थिक वर्षात मार्ग क्रमांक ३ च्या (म्हणजे आमच्या त्याच रस्त्याच्या) कडेची झुडपं काढायला किती खर्च झाला? त्यांनी बाण काढून तो थेट खाली नेला. का, तर मंत्र्याजवळ आकडा नसला की तो म्हणतो, ‘‘सूचना म्हणून स्वीकारतो’’, म्हणजे प्रश्नाची नोंद घेतो, उत्तर नंतर लेखी देतो. ते म्हटलं की तो प्रश्न तिथेच मिटतो, उरलेल्या पुरवण्या वाया. म्हणून ज्यांची उत्तरं तोंडीच हवीत ते आधी आणि आकडा शेवटी. तीस वर्षं खतावण्या लिहून मला हे सुचलं नव्हतं.

फेब्रुवारीत अधिवेशन. फ्रेम लेकच्या काठावर १९९३ साली उघडलेली ही इमारत, सभागृह गोल. दुपारी दीडला कामकाज सुरू झालं. प्रेक्षकांत आम्ही सहाजण होतो, त्यांतला एक झोपलेला. या प्रदेशाच्या राजभाषा ११. मी कानाला हेडफोन लावून भाषांतराचं बटण फिरवत बसले. थोडा वेळ त्लीचो ऐकलं. कळलं काहीच नाही, पण ज्यांच्या गावांजवळून तो रस्ता जातो त्यांची ती भाषा, म्हणून बरं वाटलं.

आमच्या आमदारांची पाळी आली. पहिल्या प्रश्नाला मंत्र्यांनी आधी प्रश्नाबद्दल आभार मानले. दुसऱ्याला चालकांनी काळोखात वेग कमी ठेवावा असं आवाहन केलं. हे मी आधीच कागदावर लिहून ठेवलं होतं, त्यापुढे बरोबरची खूण केली. तिसऱ्याला मात्र मी सरसावून बसले. झुडपं कापायचा क्रम ठरवताना बायसनच्या धडकांच्या नोंदी बघता का, एवढंच विचारलं होतं. मंत्र्यांनी हातातले कागद चाळले, मागे वळून पाहिलं आणि म्हणाले की बघायला हव्यात, मी अधिकाऱ्यांशी बोलेन. ‘‘बघतो’’ नाही, ‘‘बघायला हव्यात’’. सभागृहाच्या कामकाजाच्या नोंदीत दोन्ही शब्द वेगळे छापले जातात. मग शेवटची पुरवणी, आकडा. ‘‘सूचना म्हणून स्वीकारतो.’’

सगळं मिळून पाच मिनिटंही लागली नसतील.

लेखी उत्तर अधिवेशन संपायच्या आत आलं. एका पानाचं, नीटनेटकं. खर्चाचा आकडा होता, पण सगळ्या महामार्गांचा मिळून. मार्ग ३ वेगळा काढलेला नव्हता. आमची चूकच ती. ‘‘मार्गनिहाय’’ हा शब्द आम्ही घातला नव्हता, आणि न मागितलेला रकाना कुणी देत नाही, मीही गिऱ्हाइकांना देत नाही.

मार्चच्या शेवटी पुन्हा त्या रस्त्याने गेलो. ऊन होतं, बर्फ चमकत होता. नवरा सत्तरने चालवत होता आणि मी मांडीवर वही घेऊन बसले होते. दर किलोमीटरच्या खांबापाशी झुडूप टपाहून उंच की बुटकं, दोनच रकाने. बारा खांब झाले तेव्हा उजवीकडे सात-आठ बायसन बर्फ उकरत चरताना दिसले. वहीत तिसरा रकाना आखला.