ग्रास आडनावाची फाइल

ग्राहकाला उत्तर आधीच ठाऊक होतं: ग्रास म्हणजे गवत, म्हणजे पूर्वज कुरणवाले. हिरवं कुलचिन्हही काढून घेतलं होतं. आडनावांचे अर्थ पटापट विकणाऱ्यांची ही कृपा. वंशावळीच्या कामात आधी गाव शोधायचं, अर्थ नंतर.

नुसत्या शब्दाचं म्हणाल तर तो साधा. जर्मन आणि आइसलँडिकमध्ये ग्रास, डचमध्ये तोच शब्द घशातून ‘ख्रास’, स्वीडिशमध्ये ग्रेस. पश्चिम फ्रिजियनमध्ये ‘र’ आणि स्वर जागा बदलतात, म्हणून गेर्स. जुन्या इंग्रजीत ग्रॅस आणि गॅर्स दोन्ही. धातू ‘वाढणे’ अर्थाचा. ‘ग्रो’ आणि ‘ग्रीन’ त्यातलेच. आपल्याला लगेच संस्कृत ‘ग्रस्’ आठवतो, पण तो इथे बसत नाही. संस्कृत ‘ग’समोर जर्मानिकमध्ये, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या भाषाकुळात, ‘क’ लागतो: गो, काऊ.

घोळ आडनावांत आहे. जर्मन ग्रासर गवत कापणारा. ऋग्वेदाचा कोश करणारा हेर्मान ग्रासमान (1809–1877), त्याच्याही आडनावात गवतच. पण इटालियन ग्रासो, ग्रासी आणि फ्रेंच ल ग्रा म्हणजे लठ्ठ, लॅटिन ‘क्रासुस’वरून. ऑस्ट्रियातलं ग्राझ स्लाव्ह भाषेतल्या ‘छोट्या गढी’वरून, त्यामुळे ग्राझर हा गढीच्या गावचा.

या फाइलीतलं घराणं निघालं स्कॉटलंडच्या आबर्डीनशायरचं. तिथे सरकारी नोंदणी 1855पासून. सुरुवात मृत्युनोंदीपासून करावी, कारण तीत आईवडिलांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावही. मात्र ती माहिती देणारा बहुतेकदा मुलगा किंवा जावई. आजीच्या नावाला तो चुकतो. 1841च्या जनगणनेवर वय ठरवू नये: पंधराच्या वरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवायची सूचना होती, चौतिसाचा माणूस तिशीचा दिसतो. जन्मस्थळही ‘याच काउंटीत की नाही’ एवढंच. पॅरिशचं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावभागाचं, नाव 1851मध्ये मिळतं.

1855च्या आधी चर्चच्या वह्या. लिहिणारा कानाला पडेल तसं लिहायचा, म्हणून सूचीत एकच वर्णलेखन शोधणं फुकट. सुरुवातीची दोन अक्षरं ठेवून पुढे ‘काहीही चालेल’ या अर्थाचं तारांकन (*) टाकावं आणि त्या पॅरिशमधली सगळी रूपं एका तक्त्यात मांडावीत. इथे तसं केल्यावर एकाच शेतावर, त्याच आईबापांचा थोरला ‘ग्रासिक’ आणि धाकटा ‘ग्रास’ असा बाप्तिस्मा सापडला. ग्रासिक हे स्कॉटलंडच्या जुन्या गेलिक भाषेतल्या ‘ग्रेसिख’चं रूप: जोडे शिवणारा. गवताचा काही संबंध नाही.

बापाचा स्वतःचा बाप्तिस्मा मात्र वहीत सापडत नाही, आणि इंग्रजी मुळाचे ग्रासही असतात. म्हणून अहवालात मी ‘बहुधा’ लिहिलं. ग्राहक आता तेवढ्या शब्दाला धरून बसलाय आणि कुलचिन्ह हिरवंच ठेवायचं म्हणतोय.