लोडरच्या ट्रॅक्टरला पुढचा एक्सल निवडताना : माझा अनुभव

इंदूरजवळ, राऊच्या पुढे आमचं शेणखत आणि मुरमाचं काम चालतं. गिऱ्हाईक काका सांभाळतात, यंत्रांकडे मी बघते. ट्रॅक्टर टू-व्हील ड्राइव्ह आहे, म्हणजे ताकद फक्त मागच्या चाकांना, आणि पुढे माल उचलायच्या बकेटचा लोडर बसवलेला. दिवाळीनंतर डावं पुढचं चाक वरच्या बाजूने आत झुकलेलं दिसू लागलं. चाक उतरवलं तर स्पिंडल, म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो दांडा, वाकलेला. आणि बीमवर, म्हणजे एक्सलच्या आडव्या तुळईवर, ती मधोमध ज्या सेंटर पिनवर झुलते तिच्या बुशाजवळ केसाएवढी बारीक रेघ.

ती रेघ म्हणजे नुसता ओरखडा की तडा, यावर बाकी सगळं अवलंबून होतं. लोहामंडीतून तडे तपासायच्या स्प्रेचे डबे आणले. आधी बीम घासून, ग्रीस धुऊन कोरडा केला. मग लाल रंग मारून दहा मिनिटं थांबले, फडक्याने तो पार पुसून काढला आणि वरून पांढरा स्प्रे उडवला. ओरखडा असता तर पांढरं पांढरंच राहिलं असतं. बघता बघता त्या पांढऱ्यावर लाल धागा उमटला, आणि डोळ्यांना दिसत होती त्यापेक्षा रेघ दुपटीने लांब निघाली. बुशाच्या भोकापासून ती थेट खालच्या कडेपर्यंत गेली होती.

मिस्त्री स्पष्ट बोलला, "दीदी, वेल्डिंग तो मार दूँ, पर लोडर में टिकेगा नहीं." आमचा बीम ओतीव. ओतीव लोखंडाला वेल्डिंग केलं की जोडाच्या शेजारचा भाग कडक आणि ठिसूळ होतो, आणि पुढचा तडा तिथूनच जातो. चाकं ज्याच्यावर उभी आहेत त्या तुकड्याबाबत असला धोका मला पत्करायचा नव्हता. डागडुजीचा विषय तिथेच संपला.

नवा घ्यायचा तर कुठला? ज्याला विचारावं तो कंपनीचं नाव सांगे. मला आधी वजन कळायला हवं होतं. मध्य प्रदेशातच, बुदनीला, ट्रॅक्टर तपासणारी केंद्र सरकारची संस्था आहे. तिच्या अहवालात प्रत्येक मॉडेलचं पुढचं वजन, मागचं वजन आणि दोन्ही एक्सलांमधलं अंतर छापलेलं असतं. आमच्या मॉडेलचा अहवाल काढला. मग बकेट मुरमाने भरून ट्रॅक्टर धर्मकाट्यावर (गाड्या तोलायच्या वजनकाट्यावर) नेला आणि फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन वजन केलं. वाकलेला स्पिंडल त्यापुरता बदलला होता, बकेट जमिनीलगत ठेवली होती आणि गाडी माणसाच्या चालीने नेली.

लोडरवाल्यांनी हा हिशेब एकदा तरी मांडावा, असं मला मनापासून वाटतं. बकेटमध्ये ८०० किलो माल आहे, तो पुढच्या एक्सलच्या दीड मीटर पुढे लटकतो आणि दोन्ही एक्सलांत दोन मीटर अंतर आहे, असं धरा. पुढच्या एक्सलवर ८०० नाही, १४०० किलो वाढतात. वरचे ६०० मागच्या चाकांवरून उचलले जातात. शिवाय लोडरच्या लोखंडाचं वजन वेगळंच. पुढे बर्फाचं पातं लावलेल्या ट्रकांचंही हेच होतं. पातं एक्सलच्या पुढे लटकत असल्यामुळे स्वतःच्या वजनाहून जास्त भार ते पुढच्या एक्सलवर टाकतं. आणि आपल्या टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. भरल्या बकेटने उतारावर ब्रेक लागत नाही ही ड्रायव्हरची तक्रार म्हणजे याच हिशेबाची दुसरी बाजू होती.

काकांचं म्हणणं, "अगं, फोर-व्हीलचाच एक्सल बसवून टाकू, एकदाची कटकट जाईल." पण त्याला गिअरबॉक्समधून पुढे ताकद काढून द्यावी लागते, आमच्या गिअरबॉक्सला ती सोयच नाही. शिवाय पुढच्या टायरचा वेग मागच्यापेक्षा किंचित जास्त पडेल असं गणित जुळवावं लागतं, नाहीतर टायर आणि गिअर दोन्ही खातात. जुन्या बाजारात आमच्याच मॉडेलचा एक्सल स्वस्तात मिळत होता. मी तिथेही लाल रंगाची चाचणी मागितली, दुकानदार तयार झाला नाही, मी उठले.

शेवटी त्याच कंपनीचा, लोडरच्या कामासाठी असलेला हेवी ड्युटी एक्सल घेतला. त्यात मी पहिल्यांदा पाहिली ती स्पिंडलची जाडी. वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाने वाढते, म्हणजे स्पिंडल दहा टक्के जाड असला तर ताकद सुमारे तेहतीस टक्के जास्त. बेअरिंगही त्या मापाने मोठी येतात. बाकीची मापं जुन्याशी ताडून पाहिली: सेंटर पिनची जाडी आणि लांबी, चाकाच्या बोल्टांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, स्टिअरिंगच्या आर्मची जागा, आणि स्पिंडलची उंची, कारण ती बदलली की ट्रॅक्टर पुढे झुकतो किंवा नाक वर करतो. टायरही जास्त प्लायचे, म्हणजे जास्त भार पेलणारे, घेतले. एक्सल कितीही दणकट असला तरी भार शेवटी टायरच पेलतो.

बसवताना मी समोर उभी होते. हब फिरवत फिरवत नट आवळायचा, मग किंचित सैल सोडून नट फिरू नये म्हणून नवी कॉटर पिन घालायची. हब हाताने मोकळा फिरला पाहिजे, पण हलता कामा नये. टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली ठेवायचं माप, मॅन्युअलप्रमाणे लावून घेतला.

एक्सलबरोबर मागे वजन बांधणंही मी काकांच्या गळी उतरवलं. ५०० किलोचा काँक्रीटचा ठोकळा ओतून घेतला, त्यात ट्रॅक्टरच्या मागे अवजार जोडायच्या खालच्या लिंकांच्या पिना बसवल्या. त्याच दोन मीटरच्या हिशेबाने, मागच्या एक्सलच्या एक मीटर मागे तो लटकला की पुढचे २५० किलो कमी होतात आणि मागे ७५० वाढतात. ठोकळा लावल्याशिवाय मुरमाला बकेट लावायची नाही, असं ड्रायव्हरला बजावलंय. शेणखत हलकं असतं, तिथेही तो आता काढत नाही. म्हणतो, उतारावर ब्रेक लागतो.