तुम्ही विचारलंत म्हणून: लाइट जाते, मग चार्जिंग 80 टक्क्यांवर का थांबवायचं?

परभणीत मी जुने लॅपटॉप नीट करून त्यांवर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम) टाकून देतो आणि चार्जिंगला 80 टक्क्यांची मर्यादा लावतो. घेणारी बहुतेक स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं. चार दिवसांत फोन येतोच: “सर, 80 च्या वर चार्जच होईना गेलंय. इथं लाइटचा भरवसा नाही, बॅटरी फुल्ल नको का?”

प्रश्न रास्त आहे. पण आपल्याकडे बॅटरीला खरा धोका उन्हाचा. लॅपटॉपच्या बॅटरीतला लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की साधारण 4.2 व्होल्टला असतो. इतक्या व्होल्टेजला आतलं रसायन (इलेक्ट्रोलाइट) हळूहळू खराब होत राहतं आणि उष्णतेनं तो वेग वाढतो. मे महिन्यात पारा 42-43 ला, वर पत्रे, आणि लॅपटॉप दिवसभर चार्जरला लावून 100 टक्क्यांवर! 80 ला थांबवलं की निदान व्होल्टेज तरी खाली राहतं.

परवा एका मुलीचा थिंकपॅड (लेनोवोचा लॅपटॉप) आला. बॅटरीची मूळ क्षमता 48 वॉट-अवर, उरलेली 27. म्हणजे स्क्रीनवर 100 टक्के दिसत होते तेव्हा आत 27 च होते. धड बॅटरी 80 टक्केच भरली तरी 38 देते. लाइट गेल्यावर कोणती जास्त वेळ टिकेल, ते उघड आहे. तीन तास चालणाऱ्या नव्या बॅटरीत 80 ची मर्यादा लावल्यानं सव्वादोन-अडीच तास मिळतात. अर्धा-पाऊण तास जातो हे खरं, पण तेवढा सोडावा असं माझं ठाम मत आहे.

थिंकपॅडवर हे काम टीएलपी नावाच्या मोफत प्रोग्रॅमनं होतं. त्याच्या सेटिंगच्या फाइलीत दोन आकडे लिहायचे: चार्जिंग कुठं सुरू व्हावं आणि कुठं थांबावं. मी 75 आणि 80 ठेवतो. 78 वर असताना चार्जर लावला तर काहीच होत नाही, आणि मुलं चार्जर बिघडला म्हणून बाजारात नवा शोधत फिरतात. बिघाड नसतो तो. 75 च्या खाली येऊ द्या, चार्जिंग सुरू होतं. चार्जिंग प्रत्यक्षात थांबवते ती लॅपटॉपमधली चिप, लिनक्स तिला फक्त आकडा कळवतं. काही कंपन्यांच्या मशीनवर तो आकडा रीस्टार्टनंतर राहत नाही, तिथं टीएलपी दर वेळी तो पुन्हा भरतं.

सगळीकडे आकडा निवडता येत नाही. लेनोवोच्याच आयडियापॅडवर ‘कॉन्झर्व्हेशन मोड’ नुसता चालू किंवा बंद करता येतो, मर्यादा कंपनीनं ठरवलेली. काही मशीनवर बायोसमध्येच (लॅपटॉप सुरू होतानाच उघडायच्या मूळ सेटिंगमध्ये) जावं लागतं. लिनक्सवरचा ग्नोम नावाचा डेस्कटॉप असेल तर मार्च 2025 मध्ये आलेल्या ग्नोम 48 पासून, लॅपटॉपला सोय असेल तर, ही मर्यादा सेटिंगमधल्या पॉवरच्या पानावरच मिळते. टर्मिनलला, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीला, बिचकणाऱ्यांनी तिथं आधी बघावं.

आता लाइटचं. उद्या दुरुस्तीसाठी दिवसभर लाइट बंद, असा मेसेज आला किंवा प्रवासाला निघायचं असलं, तर आदल्या रात्री टर्मिनलमध्ये ‘सुडो टीएलपी फुलचार्ज’ (sudo tlp fullcharge) ही कमांड द्या. तेवढ्यापुरती मर्यादा उठते, बॅटरी 100 ला जाते आणि पुढच्या रीस्टार्टला 80 आपोआप परत लागू होते. एखाद्या दिवशी पूर्ण भरल्यानं काही बिघडत नाही, महिनोन्‌महिने भरलेली ठेवणं वाईट. रोज सकाळी अभ्यासिकेत बॅटरीवर बसणाऱ्यांनी तर मर्यादा 90 ला नेली तरी चालेल. घरी टेबलावर कायम चार्जरला लावलेला असेल तर मी 60 सुद्धा सांगतो.

एक मात्र बघून घ्या. टचपॅड वर आलाय, खालचं झाकण नीट बसत नाही, लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगतोय, असं असेल तर बॅटरी फुगली आहे. तिथं 80 काय आणि 60 काय, लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि बॅटरी बदलून घ्या. फुगलेली दाबू नका, टोचू नका.