पंचवीस किलो बेसन, समुद्रातली बॉर्डर आणि मी

इंग्लंडातल्या लेस्टरहून नॉर्दर्न आयर्लंडमधल्या बेलफास्टला बेसन आणायला मला साडेतीन महिने लागले. दोन्ही गावं एकाच देशात, पाउंड तोच, राजा तोच, तरीपण. कसं ते सांगते, कारण हल्ली आमच्या इथल्या ग्रुपवर दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतं की तुम्ही माल कसा मागवता, आणि दरवेळी तेच टाइप करून माझा अंगठा दुखायला लागलाय.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी मूळची निपाणीची. म्हणजे बॉर्डर हा विषय आमच्या घरात चहाबरोबर असायचा. जीएसटी यायच्या आधी कोगनोळी नाक्यावर ट्रकांच्या रांगा बघितल्यात, 1 नोव्हेंबरला काळा दिवस बघितलाय, आणि डिसेंबर 2022 मध्ये बेळगावजवळ महाराष्ट्राच्या नंबरप्लेटच्या ट्रकांवर दगड पडले तेव्हा मी इथं बेलफास्टात बसून भावाला फोन करत होते, कारण त्याचा माल रस्त्यात होता. त्यामुळं नवऱ्याच्या आयटीच्या नोकरीपायी 2019 ला इथं आलो तेव्हा मला वाटलेलं की चला, आता सुटलो सीमाप्रश्नातनं. कसलं काय.

तेव्हा सगळं सोपं होतं. बेलफास्टात इंडियन दुकानं आहेत, पण पातळ पोहे, चिवड्याचं डाळं, आपल्याकडचा गूळ असलं काही हवं असेल तर लेस्टरच्या एका ठोकवाल्याला फोन करायचा आणि दोन-तीन दिवसांत खोकं दारात. मग 1 जानेवारी 2021 उजाडला, ब्रेक्झिटचा प्रोटोकॉल लागू झाला, आणि त्याच ठोकवाल्यानं सांगितलं की ताई, नॉर्दर्न आयर्लंडला आम्ही आता पाठवत नाही.

का, ते कळायला मला बरेच दिवस लागले. आयर्लंड बेटाचे 1921 मध्ये दोन भाग झाले. दक्षिणेचा भाग आज वेगळा देश आहे आणि युरोपियन युनियनमध्ये आहे, उत्तरेचा भाग, म्हणजे आमचं नॉर्दर्न आयर्लंड, ब्रिटनकडे. मधली बॉर्डर साधारण 500 किलोमीटरची आणि तिच्यावरनं जाणारे रस्ते दोनशेच्या वर. तीस वर्षं इथं जो हिंसाचार झाला त्यात या रस्त्यांवर लष्कराचे नाके होते, 1998 च्या गुड फ्रायडे करारानंतर ते गेले, आणि ते परत आणायची कोणाचीच छाती नाही. पण ब्रिटन युनियनमधनं बाहेर पडल्यावर तपासणी कुठंतरी करायलाच लागणार, मग ती रस्त्यावर नको म्हणून समुद्रात ढकलली. म्हणजे इंग्लंड-स्कॉटलंडहून बोटीनं येणारा माल लार्न आणि बेलफास्टच्या बंदरावर तपासायचा, कारण एकदा का तो इथं उतरला की पुढं डब्लिनपर्यंत त्याला अडवणारं कोणीच नाही.

कागदावर वाचलं की पटतं. पण शेजारच्या आजोबांना ते आजपण पटत नाही. आम्ही पूर्व बेलफास्टात राहतो, खांबाखांबावर ब्रिटिश झेंडे, जुलैत होळी पेटते (आपल्यासारखी नाही, तीन-चार मजली), आणि 2021 पासून "आयरिश समुद्रात बॉर्डर नको" अशा पाट्या. आजोबा परसात बटाटे लावायचे, बियाणं स्कॉटलंडहून मागवायचे, ते प्रोटोकॉलमुळं बंदच झालं. मला म्हणाले, माझ्याच देशातला बटाटा माझ्याच देशात यायला परदेशी कसा झाला? आता याला काय उत्तर देणार. आणि आमचा व्हॅनवाला, तो न्यूरीचा, बॉर्डरपासून दहा मिनिटांवर राहणारा, तो लहानपणी शाळेत जाताना सैनिकांनी दप्तर तपासल्याच्या गोष्टी सांगतो आणि म्हणतो की बाई, तू शंभर फॉर्म भर पण तो नाका परत नको. दोघंपण माझ्याकडं चकली खातात. एकत्र नाही, वेगवेगळ्या दिवशी.

फेब्रुवारी 2021 मध्ये भिंतींवर धमक्या लिहिल्या गेल्या म्हणून बंदरावरच्या तपासनिसांना काही दिवस घरी बसवलं होतं. एप्रिलमध्ये लॅनार्क वे इथं बस जाळली, ती जागा आमच्या घरापासनं गाडीनं पंधरा मिनिटं. फेब्रुवारी 2022 मध्ये डीयूपी या ब्रिटनसोबतच राहायचं म्हणणाऱ्या पक्षाचे फर्स्ट मिनिस्टर (इथले मुख्यमंत्रीच म्हणा) पॉल गिव्हन यांनी याच मुद्द्यावर राजीनामा दिला आणि इथलं सरकार ठप्प झालं ते थेट फेब्रुवारी 2024 पर्यंत. दोन वर्षं सरकार नाही, कशामुळं, तर मालाच्या फॉर्मांमुळं! निपाणीत सांगितलं तर आमचे काका म्हणाले, फॉर्मामुळं नाही गं, फॉर्मावर कोणाचा शिक्का यामुळं. काका रिटायर्ड तलाठी आहेत, त्यांना बरोबर कळलं.

असो, मुद्द्यावर येते. 2023 मध्ये मी घरगुती फराळाचा धंदा रीतसर सुरू केला. कौन्सिलकडं फूड बिझनेस म्हणून नोंदणी केली (ती सुरू करायच्या 28 दिवस आधी करावी लागते, फुकट आहे, ते सोपंय). त्याच वर्षी फेब्रुवारीत ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक आणि युनियनच्या उर्सुला फॉन डेर लायन यांनी विंडसर फ्रेमवर्क जाहीर केलं, की इथंच राहणाऱ्या मालाला ग्रीन लेन आणि पुढं युनियनमध्ये जाऊ शकणाऱ्या मालाला रेड लेन. मला वाटलं झालं, आता माझं बेसन ग्रीन लेननं येणार. पण ग्रीन लेन काय एअरपोर्टवरच्यासारखी नसते की चालत गेलं. त्यासाठी आधी तुम्ही "विश्वासू व्यापारी" व्हावं लागतं. या योजनेचं नाव यूके इंटर्नल मार्केट स्कीम.

तिच्यासाठी आधी ईओआरआय नंबर, म्हणजे कस्टमसाठी व्यापाऱ्याचा ओळख क्रमांक, लागतो. आणि इथं मी पहिली चूक केली, मी फक्त जीबीनं सुरू होणारा नंबर काढला आणि खूश होऊन बसले. नॉर्दर्न आयर्लंडसाठी एक्सआयनं सुरू होणारा वेगळा लागतो, आणि तो मिळायला आधी जीबीवाला असावा लागतो, म्हणजे दोन्ही. यात तीन आठवडे गेले, चूक माझीच.

मग मेन फॉर्म. यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द म्हणजे "ॲट रिस्क". ब्रिटनमधनं इथं येणारा प्रत्येक माल मुळात युनियनमध्ये घुसण्याच्या "रिस्क"वर आहे असं धरतात, आणि तो तसा नाही हे तुम्ही दाखवायचं. नाही दाखवलं तर युनियनच्या दरानं ड्युटी. माझ्याबाबतीत आणखी एक फाटा होता, कारण मी बेसन बेसन म्हणून विकत नाही, त्याची शेव करते, म्हणजे कायद्याच्या भाषेत "प्रोसेसिंग". प्रोसेसिंग म्हटलं की नियम कडक. पण उलाढाल 20 लाख पाउंडांच्या आत असेल तर चालतं, पूर्वी ही मर्यादा 5 लाख होती. माझी उलाढाल ऐकून नवरा इतका हसला की विचारू नका.

फॉर्ममध्ये लिहावं लागतं की माल कोणाला विकणार, पुढं युनियनमध्ये जाणार नाही हे कसं सिद्ध करणार, कागद कुठं ठेवणार. मी पहिल्यांदा नुसतं "घरगुती ग्राहक" असं लिहिलेलं. हेल्पलाइनवरची बाई फार चांगली होती, तिनं समजावलं की थोडं उलगडून लिहा, ऑर्डर कशी येते, पत्ता कसा नोंदवता, पावती कशी देता. मग मी आपली निळी वही फोटो काढून एक्सेलमध्ये उतरवली, नाव, गाव, पोस्टकोड, किती किलो काय. हे रेकॉर्ड पाच वर्षं ठेवायचंय. चिवड्याचं.

मंजुरी आली आणि मग कमॉडिटी कोडचा घोळ. प्रत्येक जिनसाला कस्टमचा एक नंबर असतो. हळद 0910, जिरं 0909, हरभऱ्याची डाळ 0713, पण तीच डाळ दळली की बेसन 1106 मध्ये जातं. गूळ साखरेच्या 1701 मध्ये. पातळ पोह्यांपाशी मी दोन दिवस अडकले, हा तांदूळ म्हणायचा की सिरीअल म्हणायचं, आणि फोनवर पोहे म्हणजे काय हे सांगताना मी "तांदूळ भिजवून भाजून चपटा करतात" असं म्हटल्यावर पलीकडं जी शांतता पसरली ना! शेवटी 1904 वर एकमत झालं.

प्रत्यक्ष डिक्लेरेशन ट्रेडर सपोर्ट सर्व्हिसमधनं केलं, ती सरकारी सेवा आहे आणि फुकट आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नाही आणि ते एजंटला पैसे देत बसतात. माल निघायच्या आधी एक माहिती द्यायची, आणि नंतर पुढच्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत सविस्तर सप्लिमेंटरी डिक्लेरेशन. ही 10 तारीख माझ्या फ्रिजवर चतुर्थीच्या शेजारी लिहिलेली असते. (1 मे 2025 पासून ग्रीन लेनवाल्यांना फॉर्म बराच छोटा झालाय, पण मी जी पहिली खेप केली ती जुन्या मोठ्या फॉर्मवर.)

तुपाचं मात्र जमलं नाही. तूप म्हणजे दुग्धजन्य, त्याला प्राण्यांच्या पदार्थांचे वेगळे नियम, किरकोळ मालाची वेगळी योजना, त्यात "नॉट फॉर ईयू" अशी लेबलं. ठोकवाला म्हणाला एका बाईच्या चार डब्यांसाठी मी हे करणार नाही, आणि त्याचंपण बरोबर होतं. मग मी इथलंच लोणी आणून घरी कढवायला लागले. इथल्या गाई वर्षातले कितीतरी महिने गवतावर असतात, लोणी असलं पिवळंधमक की तूप दाणेदार होतं. एवढ्या सगळ्यात फायदा झाला तो हाच.

पहिली खेप आली सप्टेंबर 2024 मध्ये. त्यात एक पोतं कुरिअरच्या गोदामात सहा दिवस पडून, कारण चलानावर एक्सआयच्या जागी माझा जीबीवाला नंबर छापलेला. सहा दिवस मी रोज फोन. शेवटी न्यूरीवाल्यानं स्वतः जाऊन उचलून आणलं आणि पैसे घेतले नाहीत, चकल्या घेतल्या.

आता खरी गंमत. डेरीला आणि तिथनं पलीकडं लेटरकेनीला मराठी कुटुंबं आहेत. डेरी आमच्या बाजूला, लेटरकेनी युनियनमध्ये, मध्ये गाडीचा अर्धा-पाऊण तास, बॉर्डरवर काही नाही, फक्त पाट्यांवरचे मैल जाऊन किलोमीटर येतात. (डेरी म्हणायचं की लंडनडेरी यावरनं इथं लगेच कळतं तुम्ही कोणत्या बाजूचे. बेळगाव की बेळगावी. पार्सलवर मी नुसता पोस्टकोड लिहिते.) तर दिवाळीच्या आधी लेटरकेनीची ऑर्डर आली, पाच किलो मिक्स फराळ. आणि मी लिहून दिलेलं की हा माल युनियनमध्ये जाणार नाही. कोणी बघणार होतं का? नाही. पण सही माझी आहे.

मग मी काय केलं, शनिवारी डब्लिनला गेलो, तिथल्या एशियन दुकानातनं दहा किलो बेसन आणि पोहे घेतले, डिकीत टाकले आणि परत आलो. काही फॉर्म नाही, काही कोड नाही. दुसऱ्या देशातनं आणलेलं बेसन बिनकागदाचं आणि आपल्याच देशातल्या लेस्टरच्या बेसनाला साडेतीन महिने. तेव्हापासनं माझ्या ओट्याखाली दोन डबे आहेत, एकाला हिरवी टेप, एकाला लाल. सासूबाई आलेल्या तेव्हा त्यांना वाटलं एक उपवासाचा असेल.

तर डब्लिनच्या पिठाचा फराळ लेटरकेनीला आणि लेस्टरच्या पिठाचा इकडं. चवीत फरक शून्य. त्या वर्षी लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला आलं, म्हणजे घरून व्हॉट्सॲपवर एकीकडं पणत्या आणि एकीकडं काळ्या फिती.

डिसेंबरात 10 तारखेला स्टॉरमाँटला, म्हणजे इथल्या विधानसभेत, मतदान झालं, ही व्यवस्था पुढं चालू ठेवायची का, 48 विरुद्ध 36 नी चालू राहिली, म्हणजे अजून चार वर्षं. आजोबा दोन दिवस बोलले नाहीत, माझ्याशी नाही, सगळ्यांशीच. त्याच आठवड्यात वस्तूंच्या सुरक्षिततेचा युनियनचा नवा नियम लागू झाला आणि इंग्लंडातल्या कितीतरी छोट्या विक्रेत्यांनी इथं पाठवणं थांबवलं, माझी सोऱ्या विकणारी बाई त्यातलीच. सोऱ्या शेवटी निपाणीहून आला, आईच्या बॅगेतनं. मे 2025 मध्ये लंडन आणि ब्रसेल्सनं खाण्यापिण्याच्या मालासाठी नवा करार करायचं ठरवलंय, तो झाला तर तुपाचे डबे कदाचित परत लेस्टरहून येतील. मी आता मागवणार नाही पण.

लेटरकेनीवाले गेल्या खेपेला म्हणाले, तुम्ही कशाला पलीकडं येता, आम्हीच डेरीला येतो. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये भेटलो, पाऊस होताच. मी दोन पिशव्या दिल्या, लाल टेपवाल्या. त्यांच्या पोरानं तिथंच एक फोडली, आणि बॉर्डर यायच्या आत चकल्या संपल्याचा मेसेज आला, अजून एक किलो पाठवता का म्हणून.