सहा किलो दोनशे

मागच्या वर्षी एका रविवारी रद्दी द्यायला गेलो होतो, तिथूनच पुढे फोटो काढायला जायचं होतं म्हणून कॅमेऱ्याची सॅक पाठीवरच होती. काटा मोकळा दिसला, म्हटलं काका हिचंही वजन करून टाका जरा. ६ किलो २००. काका हसले, "काय साहेब, भंगार भरून आणलंय का यात?"

घरी येऊन सगळं गादीवर ओतलं आणि हिशोब मांडला. कॅमेरा निकॉनचा डी ५६००, बॅटरी-कार्डासकट ४६५ ग्रॅम. १८-१४० लेन्स (रोजच्या वापराची) ४९०, ७०-३०० ची (लांबचं जवळ आणणारी) ४१५, आणि ५० एमएमची चिमुरडी १८५. झालं की दीड किलो आणि वर थोडं. मग बाकीचं साडेचार किलो कसलं? तर रिकामी सॅकच पावणेदोन किलोची (इतका फोम की आत झोपता येईल), ट्रायपॉड दीड किलो, पाण्याची बाटली, वर्षातून दोनदा वापरतो तो फ्लॅश, फिल्टरचा डबा, रेनकोट आणि चार्जर. सकाळी जाऊन दुपारी परत यायचं असताना चार्जर! या कॅमेऱ्याची बॅटरी कंपनीच्या आकड्यानुसार ९७० फोटो चालते, माझे आजवर एका दिवसात कधी तीनशेच्या वर गेले नाहीत.

ही सॅक घेतली कारण त्याआधी कॅमेऱ्यासोबत फुकट मिळालेली बॅग होती, तिच्यावर कंपनीचं नाव एवढं मोठं की बसमध्ये चढलो की अर्धी बस बघायची यात काय आहे ते. म्हणून साधी दिसणारी, पाठीच्या बाजूने उघडणारी घेतली. चोराला झिप सापडत नाही म्हणे. चोराचं माहीत नाही, मलाच सापडली नाही.

सिंहगड व्हॅलीत उन्हाळ्याच्या सुरुवातीला स्वर्गीय नर्तक हा पक्षी दिसतो, नराची ती पांढरी लांब शेपटी झाडीतून फितीसारखी जाते ना, ते बघायला लोक पहाटेपासून येऊन बसतात. मीही बसलो होतो, कॅमेऱ्याला १८-१४० लावलेली आणि ७०-३०० सॅकमध्ये. पक्षी आला, ओढ्यावरच्या फांदीवर बसला. आता सॅक काढा, जमिनीवर पालथी घाला, दोन झिपा उघडा, लेन्स बदला... मी लेन्सचं मागचं झाकण तोंडात धरून वर बघितलं तर फांदी नुसती हलत होती. शेजारी एक काका छोट्या स्टुलावर बसलेले, मांडीवर कॅमेरा, लेन्स आधीच लावलेली, त्यांनी आठ-दहा फोटो घेतले आणि थर्मासमधला चहा काढला. काही बोलले नाहीत पण बघितलं असं की बास.

आता ऑफिसचीच साधी सॅक वापरतो, तिच्यात कॅमेऱ्यापुरता कप्प्यांचा गादीवाला डबा सरकवला की काम होतं. लेन्स घरातून निघतानाच ठरवायची आणि लावूनच निघायचं. पक्षी असतील तर ७०-३००, बाकी काही नाही. कधी कधी चुटपुट लागते, समोर मस्त ढग असतात आणि ३०० ने काय ढगांचं नाक काढायचं का! मग मोबाईलवर काढतो.

ट्रायपॉडही सुटला, तो भिगवणमुळे. पुण्याहून शंभरेक किलोमीटर, हिवाळ्यात पहाटे साडेचारला निघालं की उजाडताना उजनीच्या पाण्यात होडीत बसता येतं. पहिल्या वेळी मी होडीत ट्रायपॉड उभा केला आणि होडीवाले दादा म्हणाले, "ते काढा, तुम्ही पण पडाल आणि ते पण." बरोबरच होतं, होडीच हलते तर तीन पाय काय करणार. आता आईने जुन्या जीन्सचा पाय कापून शिवून दिलेली पिशवी नेतो. जाताना रिकामी, तिकडे दुकानातून किलोभर हरभरे घेऊन भरायची, होडीच्या काठावर ठेवायची आणि त्यावर लेन्स टेकवायची. दुसऱ्या दिवशी त्याच हरभऱ्यांची उसळ. शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या खाली येऊ देत नाही, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) ८०० पर्यंत गेला तरी चालेल. आणि रोहित पक्षी (फ्लेमिंगो) एकदम उडत नाही हे खूप उपयोगी पडतं, आधी माना ताणून चालायला लागतात, मग पाण्यावरून पळत पळत उठतात, तेव्हा माना ताणल्या की बोट बटणावर. दादांना होडी फार जवळ घ्यायला लावायची नाही, थवा उगाच उठतो.

आता दुखरी गोष्ट. त्या जाड सॅकमध्ये एका पावसाळ्यात सगळं तसंच ठेवून दिलं होतं. ताम्हिणीहून भिजून आलो, बाहेरून पुसली, कपाटात ठेवली, दीड महिना बघितलं नाही. फोम आतून ओलाच राहतो हे डोक्यातच आलं नाही. गणपतीत ५० एमएम काढली आणि उजेडात धरली तर काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. बुरशी! अंधार, ओल आणि बंद हवा, तिला अजून काय हवं. दुरुस्तीवाल्याने साफ करून दिली, पण काचेवरचा लेप थोडा खाल्ला गेलाय तो परत येणार नाही म्हणाला.

तेव्हापासून पावसाळ्यात सगळं हवाबंद डब्यात, आत आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणि सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवायचा, खोलीत तेव्हा ८० च्या वर असतं. निळे दाणे गुलाबी झाले की जुन्या कढईत गरम करून परत निळे करायचे, आणि ती कढई स्वयंपाकाला नाही, आईने तिला लाल दोरा बांधून ठेवलाय.

मोठी सॅक माळ्यावर आहे, तिच्यात आकाशकंदिलाच्या वायरी आणि दिव्यांच्या माळा मस्त बसतात, प्रत्येकाला वेगळा कप्पा. ५० एमएम मात्र अजून वापरतो. उजेड समोरून आला की फोटो थोडा धुरकट येतो, आणि पुतणीला तेच आवडतं, तिचा डीपी त्याच लेन्सचा आहे.