आमच्या गावचे सरवटे

आज दुपारी करवीर नगर वाचन मंदिरात 'ललित' या साहित्यविषयक मासिकाचे जुने दिवाळी अंक हाताला लागले. तासभर बसलो, पण वाचलं काहीच नाही. मुखपृष्ठांवरच अडकलो. व्यंगचित्रकार वसंत सरवटे!

चार रेषांत लेखक उभा. नाव लिहायची गरजच नाही. चष्मा, नाक, उभं राहायची ढब, एवढ्यावर माणूस ओळखू येतो. ही चित्रं टोचतात, पण रक्त काढत नाहीत. मला तर हे राजकीय व्यंगचित्रापेक्षा अवघड वाटतं.

१९२७ साली आपल्या कोल्हापुरात जन्मलेला हा माणूस. पेशानं सिव्हिल इंजिनिअर, मुंबईत एसीसी या सिमेंट कंपनीत नोकरी. ती सांभाळून चित्रं. जयवंत दळवी ज्या 'ठणठणपाळ' या टोपणनावानं 'ललित'मध्ये सदर लिहीत, त्याला चेहरा दिला तो यांनीच. शिवाय व्यंगचित्र कसं बघायचं, यावर मराठीत मन लावून लिहिलं. हे काम फार थोड्यांनी केलंय. २०१६च्या डिसेंबरात गेले.

शेजारी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक पोरगा डोकावून बघत होता. "काका, कुणी काढलंय हे?" म्हणाला. नाव सांगितलं, कोल्हापूरचे हेही सांगितलं. "आपल्या हितलं?" म्हणत त्यानं पुस्तक मिटलं आणि अंक स्वतःकडं ओढून घेतला.