तेलपामच्या बागेतली दहा मिनिटं

मिझोरममधल्या डम्पा व्याघ्र प्रकल्पाची कड, फेब्रुवारीतली सकाळ. पक्षीगणतीचं काम तसं सोपं: ठरलेल्या जागी १० मिनिटं गप्प उभं राहायचं, दिसेल-ऐकू येईल तो पक्षी टिपायचा, पुढे सरकायचं.

पहिली जागा जुन्या झूमची. झूम म्हणजे डोंगरावरची फिरती शेती, आपल्या कोकण-गोव्यातल्या कुमरीची बहीण. चार-पाच वर्षांपूर्वी जाळून भात घेतलेला, मग रान मोकळं सोडलेलं. बांबू माजलेला. बुलबुलच तीन जातींचे, सातभाईंच्या भाऊबंदांचा कलकलाट वेगळा, त्यात दरीपलीकडच्या जंगलात हुलॉक गिबनांची, म्हणजे बिनशेपटीच्या वानरांची, जोडी गायला लागली. त्यांनी आवाज चढवला की पक्षी ऐकूच येत नाहीत. गणती बिघडते, पण तक्रार कोण करणार!

दुसरी जागा तेलपामच्या बागेत. नऊ-नऊ मीटरवर झाडं, खाली तण काढून लख्ख. १० मिनिटांत दोन लालबुड्या बुलबुल आणि एक खार. खारीला तक्त्यात रकाना नाही. हुलॉक इथे फिरकणारच नाही. त्याला झाडावरून झाडावर जायला फांद्या लागतात आणि पामला फांदीच नसते. तरी सरकारी हिशेबात १ हेक्टरहून मोठी, १० टक्के जमीन झाडांच्या छत्राखाली असलेली बागही वनाच्छादनात धरतात. जंगल तोडल्याचा ठपका झूमवर!

वाटेवर घडांचा ढीग होता. एकेक घड फणसाएवढा, काटेरी, फळं काळपट-शेंदरी. एक नखानं दाबलं तर बोट केशरी तेलानं माखलं. खालचे घड मात्र बुरसटलेले. तोडल्यावर दिवसभरात गिरणीत गेले नाहीत तर तेल खराब होतं. ट्रक चार दिवस आला नव्हता.

पामतेलाची आयात घटावी म्हणून २०२१ मध्ये ११,०४० कोटींचं तेलपाम लागवडीचं अभियान निघालं, त्यात भर ईशान्येवर. २०२२ च्या दिवाळीत आपल्याकडे रेशनवर 'आनंदाचा शिधा' मिळाला, त्यातही १ लिटर पामतेल होतं. आईनं त्यातच शंकरपाळे तळले, मीही डबाभर खाल्ले. त्यामुळे बागेच्या मालकांना काही शिकवायचं माझं धाडस झालं नाही.

मालक, आमचे 'पू' (मिझोत वडीलधाऱ्यांना असं म्हणतात), ढिगाशेजारी बसले होते. माझ्या सहकाऱ्यामार्फत त्यांनी विचारलं, "किती पक्षी मिळाले?"

"दोन."

"बरं आहे. ट्रकपेक्षा दोन जास्त."

तिसरी जागा अजून बाकी होती.